कुठला फील्ड कॅमेरा घेऊ? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीवर आहेत, लार्ज फॉरमॅटचा फील्ड कॅमेरा (४×५ इंच किंवा त्याहून मोठ्या सुट्या फिल्म शीटवर फोटो काढणारा, मिटवून बरोबर नेता येणारा भात्याचा कॅमेरा) घ्यायचाय पण कुठला ते ठरत नाहीये. म्हणून या अंकात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त ह्यावरच बोलूया.

प्रश्न : ताई, मी दहा वर्षं डिजिटलवर आणि आता दोनेक वर्षं १२० च्या रोल फिल्मवर फोटो काढतोय. ४×५ घ्यायचं मनात पक्कं झालंय. लँडस्केप जास्त, जुन्या इमारती आवडतात, अधूनमधून घरच्यांचे पोर्ट्रेट. दोन-तीन तास चालत जाऊन फोटो काढायची सवय आहे त्यामुळे सगळं सामान पाठीवर असतं. लाकडी, धातूचे, जुने प्रेस कॅमेरे, मोनोरेल, इतकं काय काय बघून झालंय की आता डोकंच चालेनासं झालंय. नेमका कुठला घेऊ?

उत्तर : कॅमेऱ्यांची नावं दोन दिवस विसरा आणि तुमचे स्वतःचे आवडते वीस-पंचवीस फोटो काढून बसा, ते कुठल्या लेन्सने काढलेत ते बघा. असं का सांगते, तर भात्याचा कॅमेरा म्हणजे पुढे लेन्स धरणारी चौकट, मागे फिल्म धरणारी चौकट आणि मधे प्रकाश आत न शिरू देणारा भाता, बस एवढंच. फोटोत काय दिसणार ते लेन्स ठरवते, आणि कॅमेऱ्याचं काम इतकंच की त्या दोन चौकटी तुम्ही जिथे आणून ठेवल्या तिथेच राहिल्या पाहिजेत. लेन्स आधी ठरली की अर्धेअधिक कॅमेरे आपोआप गळतात.

हिशोब साधा आहे. ३५ मिमी फिल्मवरच्या फोकल लेंग्थला ढोबळमानाने तीनने गुणा. तिथली ५० म्हणजे इथली १५०, तिथली २८-३० म्हणजे इथली ९०, आणि १०० ची सवय असेल तर इथे ३००. आता खरी गोष्ट भात्याची. लांबवरच्या डोंगरावर फोकस करायचा तर लेन्स फिल्मपासून साधारण तिच्या फोकल लेंग्थइतकी लांब लागते, आणि विषय जसजसा जवळ येतो तसतसा भाता आणखी ओढावा लागतो. म्हणजे भाता ३०० मिमीच असेल आणि लेन्सही ३०० ची, तर तुम्हाला फक्त क्षितिज मिळेल, तीन मीटरवरचं झाड हवं असेल तर ३३० च्या पुढे भाता लागतो. पोर्ट्रेटसाठी २१० ची लेन्स घेऊन दीड मीटरवर बसलेल्या माणसावर फोकस केलात तर साधारण २४५ मिमी होतात, आणि तेवढ्याने प्रकाशही जवळजवळ अर्ध्या स्टॉपने कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) तो एक्स्पोजरमध्ये भरून काढावा लागतो. आणि एखादी वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकाराएवढी हवी असेल तर भाता फोकल लेंग्थच्या दुप्पट आणि प्रकाश पूर्ण दोन स्टॉपने कमी. हे सगळं आत्ता पाठ करायची गरज नाही, पण कॅमेऱ्याच्या माहितीत भाता किती लांबतो हा आकडा सगळ्यात आधी शोधायचा एवढं मात्र डोक्यात ठेवा. उलट बाजूही बघा, ९० ची लेन्स लावल्यावर भाता दाबून दाबून इतका जवळ येतो की काही कॅमेऱ्यांत पुढची चौकट वर उचलताच येत नाही, घड्या एकमेकींवर बसून कडक होतात. इमारती आवडतात म्हणताय म्हणजे ९० आज नाही तर उद्या घेणारच तुम्ही, तेव्हा ९० ला मोकळेपणाने हलतो का हे आधीच विचारा.

आता प्रकारांकडे येते. मोनोरेल, म्हणजे दोन्ही चौकटी एकाच दांड्यावर बसवलेला कॅमेरा, शिकायला उत्तम, चौकटी उचलायच्या-झुकवायच्या हालचाली भरपूर, आणि जुने मोनोरेल बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात, पण तो नीट मिटत नाही, तीन तास पाठीवर घेऊन चालायची वस्तू नाही ती. जुने प्रेस कॅमेरे, म्हणजे वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर वापरायचे ते स्पीड ग्राफिक, क्राउन ग्राफिक, हे दणकट असतात आणि हातात धरूनही वापरता येतात, पण मागची चौकट हलत नाही, आणि त्यांच्या पेसमेकर मालिकेत पुढची चौकट फक्त मागे झुकते. लँडस्केपला तुम्हाला नेमकी पुढे झुकलेली लेन्स हवी असते. त्यासाठी बेड, म्हणजे पुढची चौकट जिच्यावर सरकते ती फळी, खाली पाडून मग हिशोब जुळवत बसावं लागतं, होतं ते, पण वाऱ्यात उभं राहून रोज रोज नको वाटतं.

मग राहिले मिटणारे धातूचे आणि मिटणारे लाकडी किंवा कार्बन फायबरचे. लिनहॉफची मास्टर टेक्निका, विस्टा ४५, टोयो ४५ए हे धातूचे कॅमेरे अडीच ते तीन किलोच्या घरात जातात. उघडायचे, चौकट ओढायची, ती आपल्या जागी बसते, काम झालं, तो घट्टपणा हाताला लगेच कळतो. हलक्यांमध्ये शामोनी साधारण दीड किलोचा, इन्ट्रेपिड त्याहून हलका, सव्वा किलोच्या आसपास. किलो-दीड किलोचा फरक कागदावर छोटा दिसतो, पण त्यात तीन लेन्स, फिल्म शीट ठेवायचे पाच-सहा होल्डर, प्रकाश मोजायचा मीटर, कापड, ट्रायपॉड धरा आणि मग तिसऱ्या तासाला विचार करा, तेवढ्यात एक पाण्याची बाटली आणि एक जास्तीची लेन्स बसते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं स्पष्ट मत, हलका मिटणारा लाकडी किंवा कार्बनचा ४×५ घ्या, भाता ३५० च्या पुढे जाणारा बघा, आणि पहिली लेन्स १५० एकच. सहा महिने फक्त तीच. दुसरी ९० की २१० हे त्यानंतर तुमचे निगेटिव्हच सांगतील. धातूचा मी तेव्हा सुचवला असता जेव्हा तुम्ही गाडीजवळच फोटो काढणारे असता, किंवा तुमच्याकडे वारा फार असता. वाऱ्यात हलका कॅमेरा थरथरतो, आणि अर्धा सेकंद, एक सेकंद अशी एक्स्पोजर ४×५ वर रोजचीच आहेत, कारण एफ/२२ इतकं बारीक छिद्र हे इथलं नेहमीचं अॅपर्चर आहे.

अजून एक, लेन्स बोर्ड. लेन्स ज्या पाटीवर बसते ती. लिनहॉफ टेक्निका पद्धतीची ९६ × ९९ मिमीची पाटी बऱ्याच कंपन्यांचे कॅमेरे घेतात, विस्टा, शामोनी, शेन हाओ, इन्ट्रेपिड सगळे. उद्या कॅमेरा बदललात तरी लेन्स तशाच्या तशा नव्यावर चढतात. टोयोची स्वतःची वेगळी पाटी आहे, ती वाईट नाही पण बदलताना अडॅप्टर लागतो. मागची बाजू ग्राफलॉक पद्धतीची, म्हणजे काच काढून तिथे दुसरी बॅक अडकवता येणारी असेल, तर रोल फिल्मची बॅकही लावता येते, तुमच्याकडे १२० फिल्म शिल्लक असेलच, तिचाही उपयोग होईल.

प्रश्न : जुना लाकडी ४×५ मिळतोय, फोटोत छान दिसतोय, पितळ चकचकीत आहे. प्रत्यक्ष बघायला जाणार आहे. काय काय तपासू?

उत्तर : पितळ आणि पॉलिश बघूच नका, खिशात एक छोटा टॉर्च घेऊन जा. हे मी पोळलेल्या हाताने लिहितेय. माझा पहिला लाकडी कॅमेरा असाच होता, लाकूड इतकं सुंदर की हात फिरवत राहावंसं वाटायचं. विकणाऱ्याने भाता नवा असल्यासारखा आहे म्हणून सांगितलं आणि मी मान डोलावली. पहिल्या दहा-बारा शीट ठीक आल्या. मग एका भर उन्हाच्या दिवशीचे निगेटिव्ह धुतले तर आडवे काळपट पट्टे, पुढच्या वेळी परत, आणि ढगाळ दिवशी काहीच नाही. मी होल्डरवर संशय घेतला, डेव्हलपरवर घेतला, स्वतःच्या हातांवर घेतला, महिनाभर असंच चाललं. शेवटी एका रात्री खोलीत पूर्ण अंधार केला, लेन्स बोर्डच्या जागेतून टॉर्च आत सरकवला आणि भाता ताणला, तर घड्यांच्या कोपऱ्यांवर बारीक बारीक चांदण्या लुकलुकत होत्या. एक दोन नाही, अकरा मोजल्या. उन्हात कॅमेरा उभा असताना डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरमधली फिल्म झाकणारी पट्टी, ओढून मी ढग सरकायची वाट बघत बसायचे, तेवढ्या वेळात त्या अकरा भोकांनी आपलं काम केलेलं असायचं.

म्हणून तुम्ही ते विकत घ्यायच्या आधी करा. अंधारी खोली मागा, नसेल तर डोक्यावरून जाड काळं कापड घ्या आणि मागून आत बघत बाहेरून टॉर्च फिरवा. भाता पूर्ण ताणा, कोपरे सावकाश बघा, भोकं जवळजवळ नेहमी कोपऱ्यांवरच पडतात कारण घडी तिथे मोडते. एक दोन भोकं असतील तर काळ्या लवचीक रंगाने बुजतात, पण कोपरेच्या कोपरे झिजले असतील तर नवा भाता धरूनच किंमत बोला.

मग भाता तसाच ताणलेला ठेवून सगळे स्क्रू आवळा आणि पुढची चौकट दोन बोटांनी हलकेच ढकला. थोडी लवली आणि परत जागेवर आली तर चालतं, लाकूड लवतंच. पण लवली आणि तिथेच राहिली, किंवा डावीकडून पकडते पण उजवीकडे सैल आहे, असं असेल तर सोडा, होल्डर सरकवताना दर वेळी फोकस हलणार. मागची बाजूही तपासा, स्प्रिंगखाली होल्डर सरकवून बघा, तो सपाट बसला पाहिजे आणि त्याच्या कडेची उंच पट्टी कॅमेऱ्याच्या खाचेत खट्कन अडकली पाहिजे.

शेवटची गोष्ट ग्राउंड ग्लासची, म्हणजे मागच्या ज्या दुधी काचेवर प्रतिमा बघून फोकस करायचा तिची, आणि ही फार जण विसरतात. काचेची खरबरीत बाजू जिथे आहे बरोबर तिथेच होल्डरमधली फिल्म आली पाहिजे. कुणीतरी मधे फ्रेनेल लेन्स (काच उजळ दिसावी म्हणून लावतात ती चपटी लेन्स) घातली किंवा काढली, काच उलटी बसवली, की ते अंतर बिघडतं, मग काचेवर टोकदार दिसतं आणि फिल्मवर मऊ येतं. खरबरीत बाजू लेन्सकडे हवी, नखाने हलकं खरवडून कळतं. घरी आणल्यावर एका लांब पट्टीचा तिरका फोटो अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून काढा, ज्या आकड्यावर फोकस केला होता तोच आकडा निगेटिव्हवर सगळ्यात टोकदार आला तर निश्चिंत व्हा.

प्रश्न : एका कॅमेऱ्याचा फ्रंट राइज ५५ मिमी, दुसऱ्याचा ३५. टिल्ट एकाचा ३० अंश, दुसऱ्याचा १५. जास्त आकड्यांचाच घ्यावा ना? उगाच पुढे पस्तावा नको.

उत्तर : इतके जास्त आकडे लागत नाहीत, आणि का लागत नाहीत ते कळलं की तुमचा खरंच भार हलका होईल.

राइज आधी, म्हणजे लेन्सची चौकट सरळ वर उचलणं. लेन्स काचेवर एक गोल पाडते, फिल्म त्या गोलाच्या आत बसावी लागते. ४×५ च्या चित्राचा कर्ण साधारण १५३ मिमी. १५० च्या चांगल्या आधुनिक लेन्सचा गोल एफ/२२ ला साधारण २१० मिमी असतो. म्हणजे फ्रेम उभी धरली तर लेन्स जेमतेम ३३ मिमी वर जाते, आडवी धरली तर ३८ च्या आसपास, त्यापुढे कोपरे काळे पडतात. कॅमेरा ५५ मिमी उचलू शकत असेल पण लेन्सचा गोलच संपला तर ते वरचे २० मिमी कशाला? उंच इमारतींचं वेड असेल तर पैसे कॅमेऱ्याच्या राइजवर नको, मोठ्या गोलाच्या लेन्सवर घाला.

टिल्टचं, म्हणजे चौकट पुढे-मागे झुकवण्याचं, तर आणखी सोपं आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्यातले कॅप्टन थिओडोर शाइम्प्फ्लुग ह्यांचं नाव ज्या नियमाला आहे, १९०४ च्या पेटंटवरून, तो असं सांगतो की लेन्सचं प्रतल, फिल्मचं प्रतल आणि फोकसमधलं प्रतल हे तिन्ही एकाच रेषेत भेटतात. त्यावरून निघणारा कामाचा हिशोब असा, फिल्म उभी सरळ ठेवली, लेन्स जमिनीपासून दीड मीटर उंच आहे, आणि पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सगळी जमीन फोकसमध्ये हवी आहे, तर १५० च्या लेन्सला टिल्ट लागतो जेमतेम ६ अंश. ९० ला साडेतीन. अगदी ३०० ला सुद्धा साडेअकरा. ३० अंश लँडस्केपमध्ये कधी वापरले असतील असं मला आठवत नाही.

नवीन लोक नेमके इथेच चुकतात, टिल्ट दिसायला लागेल इतका देतात, आणि मग झाडाचा शेंडा आणि बुंधा दोन्ही गेले. दूरच्या गोष्टीवर फोकस करा, मग लेन्स अगदी थोडी पुढे झुकवत जवळचा दगड टोकदार होईपर्यंत बघा, तेवढ्यात दूरचं थोडं बिघडलेलं असेल ते फोकसने परत आणा, परत टिल्ट बघा. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. आणि जमिनीवर काही उंच उभं असेल, झाड, खांब, माणूस, तर टिल्ट कमी करून अॅपर्चर बारीक करणं बहुतेक वेळा बरं पडतं.

म्हणून अंश मोजण्याऐवजी हे बघा की टिल्ट सोडल्यावर चौकट शून्यावर नीट येते का, तिथे खिट्टी किंवा खूण आहे का. शंभरातल्या सत्तर फोटोंना काहीच झुकवायचं नसतं, तेव्हा दोन्ही चौकटी समांतर आहेत ह्याची खात्री पाहिजे.

प्रश्न : थेट ८×१० च घेतला तर? मग परत परत बदलायला नको.

उत्तर : नको. ८×१० चं क्षेत्रफळ ४×५ च्या चौपट, म्हणजे प्रत्येक शीटचा खर्चही साधारण त्याच हिशोबाने वाढतो, आणि शिकताना शीट वाया जातातच. नॉर्मल लेन्स ३०० ची होते, तिची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जवळून दूरपर्यंत टोकदार येणारा पट्टा, इतकी कमी की एफ/४५, एफ/६४ पर्यंत जावं लागतं आणि एक्स्पोजर सेकंदांत जातं. ट्रायपॉड मोठा, होल्डर मोठे, बॅग मोठी. ८×१० चा कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेला, हातात घेतल्यावर जे वाटतं ते दुसऱ्या कशाने वाटत नाही हे मला मान्य आहे, पण तो दोन वर्षांनी घ्या, ४×५ वर शंभरेक शीट झाल्यावर. तेव्हा तुम्हाला तो का हवाय हे नक्की माहीत असेल.

प्रश्न : माझं वय ६१, जवळचा चष्मा आहे. काचेवर उलटी प्रतिमा दिसते म्हणे आणि ती अंधुक असते. मला हे जमेल का, की नाद सोडू?

उत्तर : सोडू नका, तुम्हाला जमेल. उलट्या प्रतिमेची भीती पहिल्या आठवड्यातच जाते, आणि नंतर तर ती मदतच करते, झाड झाड वाटेनासं होतं आणि नुसते गडद-फिके आकार दिसायला लागतात, फ्रेममध्ये काय खटकतंय ते पटकन डोळ्यात भरतं.

अंधुकपणावर मात्र आधीच उपाय करा. कॅमेरा फ्रेनेल असलेला घ्या, कोपरे त्याने बरेच उजळतात. लेन्स घेताना एफ/५.६ आणि एफ/८ मध्ये पर्याय असेल तर तुम्ही ५.६ घ्या, वजन जास्त असलं तरी, काच एका स्टॉपने उजळ दिसते आणि तुमच्या डोळ्यांना तो फरक रोज जाणवेल. कापड मोठं घ्या, कमरेपर्यंत येईल असं, आतून काळं बाहेरून पांढरं, आणि आत शिरल्यावर लगेच फोकस करायला जाऊ नका. अर्धा-एक मिनिट नुसतं थांबा. आधी काहीच दिसत नाही, मग मधला उजेड, मग हळूहळू कोपरे येतात.

फोकससाठी चार किंवा सहा पटीचा लूप, म्हणजे भिंग, घ्या, डायऑप्टर फिरवून डोळ्याच्या नंबराला जुळवता येणारा. चष्मा काढा, लूप काचेवर टेकवा आणि आधी काचेची कणी टोकदार दिसेपर्यंत लूप फिरवून घ्या, मग तिथे खूण करून ठेवा, नंतर चष्म्याचा प्रश्नच राहत नाही. फ्रेम जुळवताना अख्खी काच जवळून बघायला नेहमीपेक्षा जास्त नंबरचा वाचायचा चष्मा, साडेतीन-चारचा, बरेच जण वापरतात. आणि कॅमेरा घेताना नॉब हातात धरून बघा, काही हलक्या कॅमेऱ्यांचे नॉब फार बारीक असतात, थंडीत बोटांना सापडत नाहीत.

प्रश्न : कॅमेरा आणि १५० ची लेन्स ठरली. बरोबर आणखी काय लागेल, आणि सुरुवातीला कशात चुका होतात?

उत्तर : होल्डर पाच तरी घ्या, एकात दोन शीट बसतात म्हणजे दहा फोटो. जुने चालतात, पण डार्क स्लाइड वाकलेली नको. केबल रिलीज, लूप, कापड, मीटर, आणि ट्रायपॉड असा की त्यावर कॅमेऱ्याच्या दुप्पट वजन टांगलं तरी हलणार नाही. जुन्या लेन्सचं शटर घेताना एक सेकंदावर लावून कान देऊन ऐका, घरघर एकसारखी आली पाहिजे, मधेच अडखळली तर सर्व्हिसिंग लागणार. बऱ्याच लेन्सवर असणारी कोपाल कंपनीची शटर आता नवीन बनत नाहीत, त्यामुळे चांगलं चालणारं मिळालं तर जपा.

सुरुवातीची फिल्म साधी ब्लॅक अँड व्हाइट घ्या, फोमापान किंवा इलफर्ड एफपी४, आणि होल्डर भरायचा सराव एक शीट उजेडात खर्ची घालून करा. डोळे मिटून वीस वेळा. शीट उभी धरून कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारी बाजू, तुमच्याकडे असते, हे बोटांना पाठ झालं पाहिजे. भरायच्या आधी होल्डर ब्रशने झाडा, कारण धुळीचा एक कण निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका होतो आणि प्रिंटवर आभाळात काळा डाग.

चुका बहुतेक सगळ्या शेवटच्या मिनिटाला होतात. फोकस झाला, प्रकाश सुंदर आहे, घाई होते, आणि लेन्स उघडीच राहते. म्हणून क्रम एकच ठेवा आणि तो मोडू नका. शटर बंद करा, अॅपर्चर लावा, शटर ओढा, एकदा रिकामं वाजवून बघा, परत ओढा, मग होल्डर सरकवा, मागे काही हललं नाही ना बघा, आणि मग समोर जाऊन लेन्सच्या आत डोळ्यांनी बघा की पाती बंद आहेत. त्यानंतरच डार्क स्लाइड ओढा. फोटो झाला की ती परत घालताना काळी बाजू बाहेर, म्हणजे ही शीट वापरलेली आहे हे संध्याकाळी थकलेल्या डोक्यालाही कळतं.